मागची बाजू

१

माझं काम मागच्या बाजूचं आहे. संग्रहालयात येणारी माणसं मूर्ती समोरून बघतात, मी मागून बघतो. एखादी हातभर उंचीची देवी काचेच्या कपाटात नुसती तरंगत असल्यासारखी दिसते ना, तेव्हा तिच्या पाठीशी पितळी सळईचा एक चिमटा असतो. मूर्तीच्याच रंगात रंगवलेला, कुणाच्या नजरेत येऊ नये असा. तो मी करतो. सळई तापवायची, वाकवायची, मूर्तीच्या पाठीला लावून बघायची, परत वाकवायची. पितळ जिथे टेकणार तिथे मऊ कापडाची पट्टी चिकटवायची. काम उत्तम झालं तर कुणी वाहवा करत नाही, कारण ते दिसतच नाही. बिघडलं तर मात्र सगळ्यांना दिसतं.

या कामामुळे मला पाठी लक्षात राहतात. ओळखीचा माणूस रस्त्यात पुढे चालला असेल तर चेहरा दिसायच्या आधीच मी त्याला हाक मारतो. बायकोचं तर विचारूच नका. सकाळी ती ओट्याकडे तोंड करून चहा टाकत असली की तिच्या खांद्यांवरून मला कळायचं, आज बोलावं की गप्प कप उचलावा.

त्या सकाळी मी टेबलाशी बसलो होतो आणि ती ओट्याशी होती. चहाला उकळी फुटली. तिनं हात मागे नेला आणि न बघता शेगडी बंद केली. न बघता गाळणं उचललं, न बघता कपात चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. हे सगळं होत असताना ती माझ्याकडे तोंड करून उभी होती.

“काय बघतोयस?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

खरंच काही नव्हतं. बायको नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, यात काय बघायचं?

२

आमचं बाळ जन्मलं तेव्हा त्याला श्वास नव्हता. हे मी एकदाच सांगतो, कारण घरातही आम्ही ते एकदाच बोललो. दिवस भरले नव्हते. मला औषधं आणायला खाली पाठवलं होतं. रांग मोठी होती. मी वर आलो तेव्हा बाळाला नेलं होतं. तिनं त्याला थोडा वेळ मांडीवर घेतलं होतं म्हणे. घरी येताना गाडीत मी विचारलं, “कुणासारखं होतं?” ती खिडकीबाहेर बघत होती. “झोपल्यासारखं,” ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही दोघंही बधिर झालो. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं. भांडलो नाही, रडलो नाही. कपडे धुतले, बिलं भरली, दूध आणलं. ती लवकरच कामावर रुजू झाली.

ती त्याच संग्रहालयात माहितीफलक लिहिते. मूर्तीखाली जो चार ओळींचा मजकूर असतो, तो तिचा. लिहून झालं की घरी मला वाचून दाखवते. “तुला कळलं तर जगाला कळेल,” असं ती आमच्या लग्नाच्या आधीपासून म्हणत आली आहे, आणि मी ते कौतुक समजून घेत आलो आहे.

त्या महिन्यात प्रदर्शन ठरलं होतं ते चंद्रदेवींचं. जगभरच्या. जिथे जिथे लोकांनी वर बघून चंद्राला बाई मानलं, तिथल्या.

“ही चांग-अ,” ती वाचत होती. “हिनं अमर होण्याचं औषध प्यायलं आणि हलकी होत होत चंद्रावर गेली.”

“आणि नवरा?”

“खालीच राहिला. काय करणार? वर बघत बसला.” तिनं कागद उलटला. “ही हीना, बेटावरची. झाडाची साल कुटून कापड करायची. कुटून कुटून थकली. म्हणाली पुरे झालं, आणि चंद्राकडे चढायला लागली. नवऱ्यानं पाय धरला.”

“मग?”

“पाय त्याच्या हातात राहिला. ती गेली.”

“अरे देवा!”

“लंगडत गेली,” ती म्हणाली, “पण गेली.”

सेलेने म्हणून एक आहे. ती मात्र खाली येते, एका झोपलेल्या माणसापाशी. तो कधीच उठत नाही. ती त्याच्याकडे बघत बसते आणि परत जाते. हे वाचताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मीच कपातला गार चहा उगाच ढवळला.

“आणि ही मामा किल्या. तिला पुजणाऱ्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई.”

“म्हणजे चांदोमामा तिथेही मामाच,” मी म्हणालो. “फक्त मामाची आई झाली!”

ती हसली. दवाखान्यातून आल्यानंतर पहिल्यांदाच. हसत हसत ती आतल्या खोलीत गेली. बोलता बोलता माणूस कधी कधी जातो तशी, मागे मागे सरकत, माझ्याकडे बघत. दाराची चौकट तिला लागेल म्हणून मी हात पुढे केला. चौकट लागली नाही. तिनं दार मागच्या मागे ढकललं आणि ती चौकटीतून अलगद आत गेली.

३

मी डोकं असलेला माणूस आहे. मनात आलं की ते तपासून बघायचं, अशी माझी सवय.

मी आठवून पाहिलं. दवाखान्यातून आल्यापासून बायकोची पाठ मी शेवटची कधी पाहिली? आठवेना. मग लक्ष ठेवलं. घरातून निघताना ती म्हणायची, “तू हो पुढे.” जिना उतरताना ती माझ्या मागे. रस्त्यानं ती माझ्या शेजारी, पण अंग माझ्याकडे वळवून, आडवी आडवी. सकाळी जाग आली की तिचा चेहरा समोर, डोळे उघडे. मी चमचा तिच्या पलीकडे मुद्दाम पाडला. ती गुडघ्यांवर बसली, माझ्याकडे बघत हात मागे नेला आणि चमचा उचलून माझ्या हातात दिला.

“हल्ली फार पाडतोस,” ती म्हणाली.

बैठकीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. विचारलं तर म्हणाली, “उजेड डोळ्यावर येतो. डोकं दुखतं.” डोकं दुखणं स्वाभाविक होतं. इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या बाईला पाठ कुणाकडे करावीशी वाटत नसेल, तर त्यातही काही नवल नव्हतं. पाठ उघडी पडल्यासारखी वाटत असेल. मी स्वतःला हे सगळं समजावलं आणि मला ते पटलंही. फक्त, पटलं की त्याच क्षणी मी परत तिच्या मागे काय आहे ते बघायला मान वाकडी करायचो.

अंगावर एक करडी शाल असायची. उकडत असलं तरी.

एका सकाळी बसथांब्यावर उभे होतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दिवसाचा चंद्र होता, पाण्यात विरत चाललेल्या साबणाच्या वडीसारखा.

“ती आज मावळलीच नाही,” बायको म्हणाली.

“कोण ती?”

“ती,” तिनं हनुवटीनं वर दाखवलं. “थकत असेल. कोणीही कुठूनही बघितलं तरी चेहरा दाखवायचा. एकदा म्हणून वळायचं नाही.”

“मग वळावं की तिनं,” मी म्हणालो. थट्टेतच म्हणालो.

“मागे काय असतं ते तुला काय ठाऊक?” ती म्हणाली. मग बस आली.

४

सासूबाई राहायला आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. सगळं आयुष्य वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिण्यात गेलेलं, तरी मागच्या बाकावर कोण चुळबुळ करतंय ते त्यांना कळायचं. आल्या आल्या त्यांनी लेकीला जवळ घेतलं. म्हणजे, घ्यायला गेल्या. लेकीनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि तिथेच थोपवून ठेवले. सासूबाईंच्या तोंडात “बाळा” आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. आमचं टेबल लांबोडकं आहे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सासूबाई आणि मधल्या बाजूला ती. जेवण होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून जेवलो.

जेवल्यावर ती अंघोळीला गेली. सासूबाई भांडी गोळा करता करता थांबल्या.

“जावईबापू, एक सांगू? रागावू नका.”

“बोला ना, आई.”

“तिला म्हणावं, जेवताना माणसाकडे असं टक लावून बघू नये. मला घास उतरेना.”

“तुमच्याकडे बघत होती?”

“मग कुणाकडे? अख्खं जेवण माझ्याकडे तोंड करून बसली होती. तुमच्याकडे ढुंकून बघितलं नाही तिनं. भांडलात का काय?”

मी “सांगतो तिला” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? टेबलाची दोन टोकं मी डोळ्यांनी मोजली. न्हाणीघरात पाणी पडत होतं. मध्येच ते थांबलं, आणि ती हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होती. मग परत पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई कंगवा घेऊन उभ्या राहिल्या. “ये, विंचरून देते. किती गुंता केलायस डोक्याचा!”

“नको, आई.”

“नको काय नको? माझ्या हातची पोर तू. बस इथे.”

आईपुढे तिचं काही चालेना. दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं. मी बाहेर बुटाला पॉलिश करत होतो. कंगवा अडकल्याचा आवाज आला. परत एकदा आला. मग काहीच नाही. नंतर सासूबाईंचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण आवाजाची जात कळत होती. मोठ्या माणसाशी कुणी त्या आवाजात बोलत नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा कंगवा हातातच होता. खुर्चीवर बसल्या. उठल्या. पिशवी भरायला लागल्या.

मी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. आत बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

“तिला एकटी सोडू नकोस,” त्या म्हणाल्या. “आणि वळ म्हणू नकोस.”

“आई, तुम्ही काय बघितलंत?”

“मी काही बघितलं नाही. केसांनी सगळं झाकलेलं होतं.” त्यांनी आपला उजवा हात उघडून पाहिला, भाजल्यावर बघतात तसा. “विंचरताना माझं बोट धरलं.”

“कुणी?”

त्यांनी काच वर केली.

५

संग्रहालयाच्या तळघरात माझं वर्कशॉप आहे. तिथे मी आणि सुतार. सुताराला आम्ही सगळे रंधा म्हणतो, कारण तो बोलायला लागला की समोरच्याला सोलून काढतो. त्या आठवड्यात आमच्या टेबलावर चंद्रदेवी रांगेनं आडव्या पडल्या होत्या, पालथ्या. कुणाची पाठ नुसती ओबडधोबड, कुणाची सपाट. करणाऱ्यांनी समोरची बाजू जीव ओतून केलेली आणि मागे सोडून दिलेलं.

“तुझ्या बायका झोपल्यात की रुसल्यात?” रंधा म्हणाला.

“दोन्ही,” मी म्हणालो.

चांदीची एक तबकडी होती, मामा किल्याच्या नावाची. पातळ पत्रा मागून ठोकून चेहरा वर उठवलेला. त्यामुळे मागून बघितलं की तोच चेहरा आत गेलेला, खोलगट. खोलगट चेहऱ्याची एक गंमत असते. तुम्ही डावीकडे सरकलात की तो डावीकडे वळतो, उजवीकडे सरकलात की उजवीकडे. डोळ्याला होणारा भास आहे तो, त्यात काही गूढ नाही. मी कामगारांना हौसेनं दाखवतो. त्या दिवशी मी तबकडी कापडात गुंडाळून ठेवली.

प्रदर्शनाच्या प्रमुख मॅडम खाली आल्या. “या तबकडीमागे आरसा लावू या,” त्या म्हणाल्या. “ठोकल्याच्या खुणा किती सुंदर आहेत! लोकांना मागची बाजूही दिसू दे.”

घरी मी बायकोला हे सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

“आरसा नको.”

“मॅडमनी सांगितलंय.”

“तू सांग की बसत नाही म्हणून. कपाटात जागा नाही म्हण. तुझं ऐकतील त्या.”

“का पण?”

“मी त्या दालनात असते दिवसभर,” ती म्हणाली. एवढंच. आणि परत चिरायला लागली, माझ्याकडे बघत. सुरीकडे तिचं लक्ष नव्हतं. बोटांच्या इतकी जवळून सुरी सपासप चालली होती की मी उठून बाहेर गेलो.

मॅडमना नाही म्हणणं सोपं होतं. त्यांनी ऐकलंही असतं. दुसऱ्या दिवशी मी आरसा कापून आणला, कडा घासल्या आणि तबकडीच्या मागे, जरा कललेला, पक्का बसवला.

६

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी दालनात आम्ही दोघंच होतो. बाकी सगळे जेवायला गेले होते. मी काचांवरचे बोटांचे ठसे पुसत होतो. ती मध्यभागी उभी राहून फलक तपासत होती. शाल खांद्यांवरून घट्ट घेतलेली. चारही बाजूंनी काचेची कपाटं. वरच्या खिडक्यांतून पांढरा, कोरडा उजेड येत होता.

मी एक काच पुसली. तिच्यात बायकोचा चेहरा होता. डावीकडची पुसली. तिच्यात तो बाजूनं दिसायला हवा होता. समोरून दिसत होता. मी वळून उजवीकडच्या काचेत पाहिलं, मग पलीकडच्या. प्रत्येक काचेत तिचा पूर्ण चेहरा, दोन्ही डोळे, माझ्याकडे. मी मनाशी म्हणालो, काचा दुहेरी आहेत, एकीतलं प्रतिबिंब दुसरीत पडतंय. हे तर्काला धरून होतं. ते मी दोनदा म्हणालो. फडकं मात्र हातात नुसतंच धरलेलं होतं.

मग मी चालत चालत अशा जागी आलो की माझ्या आणि तबकडीच्या कपाटाच्या मध्ये ती आली. मी तिथे मुद्दाम आलो. आरसा बसवताना हीच जागा मनात धरून मी त्याचा कल ठरवला होता.

“इकडे बघ,” मी म्हणालो. म्हणायची गरज नव्हती. ती बघतच होती.

तिच्या खांद्यावरून मी आरशात पाहिलं.

आरशात चेहरा नव्हता. केस मधोमध भांग पाडून दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलेले. शाल मागे झोळीसारखी. आणि झोळीत एक पाठ. ओंजळीत मावेल एवढी, तिच्या पाठीला बिलगलेली. वर एक डोकं, ओले काळे केस चिकटलेलं. डोक्यावर दोन भोवरे होते. माझ्या डोक्यावरही दोन आहेत. न्हावी दर वेळी त्यावरून माझी फिरकी घेतो.

मला वाटलं होतं की मी किंचाळेन. काहीच वाटलं नाही. नवीन आलेल्या वस्तूची पाठ बघतो तशी मी ती पाठ बघत राहिलो. कुठे आधार द्यावा लागेल, मान किती नाजूक आहे, हेच मनात.

मग ते डोकं वळायला लागलं. अगदी सावकाश, झोपेतून हाक ऐकू आल्यासारखं. कानाची पाळी दिसली. गालाची कड दिसायला लागली.

“थांब,” बायको म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही.

मी डोळे मिटले.

तिची पावलं जवळ आली. तिचा हात माझ्या हातात आला, गार आणि कोरडा.

“बघितलंस?”

“चेहरा नाही बघितला.”

“बघू नकोस. मी बघितलाय, तेवढं पुरे.” ती श्वास घेत होती, जिना चढून आल्यासारखी. “झोपतच नाही रे. मी पाठ फिरवली की मग समोर कोण असेल त्याच्याकडे बघायला लागतं. म्हणून मी... थकले रे मी.”

दालनात पंख्याचा आवाज होता. बाहेर कुठेतरी गाडी मागे घेताना वाजतं तसं वाजत होतं.

“दे,” मी म्हणालो.

“काय?”

“माझ्याकडे दे थोडा वेळ.”

माझा हात सुटला. शालीची सळसळ माझ्या मागून आली. शर्टावर, दोन खांद्यांच्या मध्ये, काहीतरी ओलसर टेकल्यासारखं झालं. मग तेही जाणवेनासं झालं. मी डोळे मिटूनच उभा होतो. पावलं दूर जाऊ लागली.

डोळे उघडले तेव्हा बायको दालनाच्या दाराकडे चालली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. एक खांदा जरासा खाली, शाल हातात लोंबत असलेली. दारातून ती वळून न बघता बाहेर गेली.

७

प्रदर्शन चांगलं झालं. शाळांच्या सहली आल्या. आरसा मी पहिल्याच सकाळी काढून ठेवला. मॅडमना सांगितलं की कपाटात जागा पुरत नव्हती. त्यांनी ऐकलं.

बायको आता बरी आहे. जेवते, गाढ झोपते, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. बैठकीतला आरसा तिनं सुलटा केला. मी तो परत भिंतीकडे फिरवला. थोडा वेळ म्हणून घेतलेलं तिनं परत मागितलं नाही, मीही विषय काढला नाही. रस्त्यानं चालताना ती हल्ली पुढे असते, भराभर. मला तिला गाठता येत नाही. तिची पावलं जमिनीला लागतात न लागतात. एकदा वाकून तिचा पाय धरावासा वाटला. मग हीनाचा नवरा आठवला आणि मी चालीत चाल मिळवायचं सोडून दिलं.

वर्कशॉपमध्ये रंधा एक फळी तासत होता. मध्येच थांबला.

“काय रे, माझा राग आलाय का?”

“नाही. का?”

“मग हल्ली पहारेकऱ्यासारखा माझ्याकडे तोंड करून का उभा असतोस? मी इकडे गेलो की इकडे, तिकडे गेलो की तिकडे. पूर्वी अर्धा दिवस तुझी पाठच बघायचो मी. बरं वाटायचं.”

“उजेड डोळ्यावर येतो,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि परत रंधा धरला. थोड्या वेळानं तो आपलं सामान उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. मीही सरकलो. सरकावंच लागलं.

काम मात्र पूर्वीइतकंच नीट होतं. हात मागे नेऊन सळई वाकवता येते, सवय झाली की. घरी कुणी नसताना मी कधी कधी गुणगुणतो. चाल मला ठाऊक नाही. तोंडात येते ती.

८

सासूबाई परत आल्या त्या एका रविवारी, सकाळच्या वेळी. लेकीचा फोनवरचा आवाज ऐकून त्यांना राहवलं नाही म्हणे. दार बायकोनं उघडलं आणि आईला मिठी मारली, दोन्ही हातांनी. सासूबाईंचे हात तिच्या पाठीवर घाबरत घाबरत टेकले. मग वरपासून खालपर्यंत फिरले. परत फिरले. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. किती म्हाताऱ्या झाल्या होत्या त्या!

“चहा टाकते,” बायको म्हणाली आणि वळून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, नळाचा, आणि एका जुन्या गाण्याचा. ती गाणं अर्धवट म्हणायची, शब्द विसरली की “ल ल ला” करायची.

सासूबाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या. दारातून तिची पाठ दिसत होती, ओट्याशी वाकलेली, मोकळी. मग त्या खुर्चीकडे आल्या. मी समोर बसलो होतो, खुर्चीच्या कडेला, ताठ. त्या डावीकडच्या खुर्चीकडे गेल्या. बसता बसता थांबल्या. उजवीकडे आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

पिशवी त्यांनी खाली ठेवली. त्या माझ्यासमोर आल्या आणि शाळेतल्या पोराशी बोलायला वाकतात तशा वाकल्या. स्वयंपाकघरापर्यंत जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“जड होतं का रे?”

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी खरंच विचार केला. खांदे थोडे हलवून पाहिले. मानेमागे लागून असलेला तो इवला, ओलसर गारवा तसाच होता, अजून जागाच.

“नाही, आई,” मी म्हणालो. “काहीच वजन नाही.”

त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि तोंडात पदराचा बोळा धरावा तशी आपली मूठ धरून रडायला लागल्या. आत चहाला उकळी फुटली होती.